कामाच्या जागेची एर्गोनॉमिक मानकं कोण ठरवतं, कशावरून ठरवतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखाना असो, गोदाम असो की ऑफिस, मोजमाप करून टेप गुंडाळायला लागलो की कुणीतरी विचारतंच, "पण हे आकडे ठरवले कुणी?" नंतर तेच प्रश्न मेलवर येतात. सुरक्षा अधिकारी विचारतात, एचआरवाले विचारतात, आणि ज्यांची कंबर दुखते ते तर विचारतातच. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. सलग वाचायलाच हवं असं नाही. एका उत्तराचा धागा दुसऱ्या उत्तरात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. एर्गोनॉमिक्स म्हणजे चांगली खुर्ची घेणं, एवढंच ना?

खुर्ची हा त्यातला सगळ्यात जास्त विकला जाणारा भाग, म्हणून तसं वाटतं. ग्रीक भाषेत 'एर्गॉन' म्हणजे काम आणि 'नोमोस' म्हणजे नियम. पोलंडचे शास्त्रज्ञ वोयचेख यास्त्रझेंबोव्स्की यांनी १८५७ साली हे दोन शब्द जोडले. पुढे तो शब्द मागे पडला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४९ साली, ब्रिटनमधल्या संशोधकांनी या विषयाची संस्था काढली तेव्हा तो पुन्हा वापरात आला. विषय साधा आहे: माणसाला कामाच्या साच्यात कोंबण्याऐवजी काम माणसाला बेतून घ्यायचं. त्यात वजन, पकड, उंची, वेग, यंत्रांचा कंप, उष्णता, उजेड, पाळ्या, विश्रांती, स्क्रीनवरची अक्षरं असं सगळं येतं. खुर्चीसुद्धा.

२. मानक, कायदा आणि मार्गदर्शिका यांत फरक काय? आमच्यावर बंधनकारक काय आहे?

आयएसओ ही मानकं काढणारी आंतरराष्ट्रीय संघटना; तिची मानकं मुळात ऐच्छिक असतात. एखाद्या देशाने ती कायद्यात घेतली किंवा तुमच्या करारात त्यांचा उल्लेख आला, की ती बंधनकारक होतात. मार्गदर्शिका म्हणजे सल्ला. पण अपघातानंतर चौकशी लागली की तोच सल्ला तुमच्यासमोर ठेवून "हे माहीत होतं ना?" असं विचारलं जातं, हे विसरू नका.

एक गोष्ट बऱ्याच जणांना चकवते. ओझी हाताळण्याबद्दलच्या युरोपीय संघाच्या १९९० च्या निर्देशात किलोचा एकही आकडा नाही. हाताने उचलणं टाळता येत असेल तर टाळा, येत नसेल तर धोका तपासा आणि कमी करा, एवढंच तो सांगतो. आकडे शोधायला मानकांकडेच जावं लागतं. आणि मानकांमधले आकडे संशोधनातून येतात. कसे, ते पुढच्या दोन प्रश्नांत.

३. संशोधक हे मोजतात तरी कसं? माणसांना इजा होईपर्यंत वजन उचलायला लावतात का?

नाही. चार वाटा आहेत आणि प्रत्येक वाटेत काहीतरी उणं आहे.

पहिली वाट बलाची. शरीराचं गणिती प्रतिरूप करून मणक्यावर, खांद्यावर, मनगटावर किती जोर येतो ते काढायचं. दुसरी शरीरक्रियेची, म्हणजे श्वासातला ऑक्सिजन, हृदयाचे ठोके, स्नायूंमधले विद्युतसंकेत. चौथी वाट लोकांच्या मोठ्या गटांवरच्या अभ्यासाची: कोणत्या कामात कोणाला किती त्रास झाला हे वर्षानुवर्षं नोंदत राहायचं.

तिसरी मला सगळ्यात रंजक वाटते. अमेरिकेत स्टोव्हर स्नूक आणि व्हिन्सेंट सिरिएलो यांनी ती वर्षानुवर्षं राबवली. कामगाराला एक खोकं देतात. त्याला खोटा तळ असतो आणि तळाखाली आधीच किती वजन आहे हे दिसत नाही, त्यामुळे डोळ्यांनी अंदाज बांधता येत नाही. शेजारी शिशाचे छर्रे ठेवलेले असतात. कामगार खोकं उचलत राहतो आणि मनाला येईल तसे छर्रे टाकतो किंवा काढतो. सूचना एकच: न ताणता, दम न लागता, फार थकवा न येता दिवसभर जमेल तेवढंच ठेव. शेवटी खोकं वजनकाट्यावर जातं. अशा कित्येक खोक्यांतून त्यांचे १९९१ चे प्रसिद्ध तक्ते तयार झाले. त्यातलं उणं कुठलं, तर माणसाला जे झेपेल असं वाटतं ते त्याच्या मणक्याला झेपतंच असं नाही. दोन मणक्यांमधल्या चकतीच्या आत मज्जातंतू जवळजवळ नसतात, त्यामुळे ती झिजत असताना कुरकुर करत नाही.

४. 'कमाल २३ किलो' हा आकडा आला कुठून?

हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर.

'नायॉश' ही कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी अमेरिकी सरकारी संस्था. तिने १९८१ साली वजन उचलण्याचं एक सूत्र दिलं. १९९१ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने ते सुधारलं आणि १९९३ मध्ये टॉम वॉटर्स व सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. समितीपुढे तीन जातींचे पुरावे होते आणि प्रत्येकात तिने एक रेघ मारली. कमरेचा शेवटचा मणका जिथे त्रिकास्थीवर टेकतो तिथला दाब ३.४ किलोन्यूटनच्या आत हवा. ऊर्जेचा खर्च, काम किती वेळ आणि कोणत्या उंचीवर आहे त्यानुसार, मिनिटाला २.२ ते ४.७ किलोकॅलरींच्या आत हवा. आणि वजन ७५ टक्के बायकांना व ९९ टक्के पुरुषांना 'चालेल' असं वाटायला हवं.

आता हा शेवटचा निकष पुन्हा वाचा. ७५ टक्केच का? ९० का नाही? याचं उत्तर कुठल्याच यंत्रातून निघत नाही. प्रयोगातून मिळतो तो चढत जाणारा आलेख. त्यावर रेघ कुठे मारायची हे टेबलाभोवती बसलेली माणसं ठरवतात. ३.४ किलोन्यूटनचंही तेच. मृतदेहांमधल्या मणक्यांवर यंत्राने दाब देऊन केलेल्या चाचण्यांचा तो आधार आहे. त्या चाचण्यांत काही मणके याहून कमी दाबालाच गेले आणि काही याच्या दुपटीलाही टिकले. आकडा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. तो मोजलेला आहे आणि निवडलेलाही आहे, एवढंच.

आणखी एक गंमत. १९८१ च्या सूत्रात सुरुवातीचा आकडा ४० किलो होता, १९९१ मध्ये २३ झाला. "म्हणजे माणसं दहा वर्षांत निम्म्याने दुबळी झाली का?" असं एका पर्यवेक्षकाने मला हसत हसत विचारलं होतं. तसं नाही. जुना आकडा घोट्यांपासून १५ सेंटिमीटरवर धरलेल्या वजनासाठी होता. इतक्या जवळ खोकं धरणं जवळपास अशक्यच, पोट मध्ये येतं. नव्या सूत्राने हे अंतर २५ सेंटिमीटर धरलं. जुन्याच सूत्रात २५ घातले तर ४० चे २४ होतात. म्हणजे खरी घट एका किलोची.

५. मग २३ किलोच्या आतलं काहीही उचललं तर चालतं का?

अजिबात नाही. २३ हा सगळं आदर्श असतानाचा आकडा आहे. परिस्थिती बिघडेल तसा त्याला गुणकांनी कमी करत जायचं. माझ्या वहीतली एका गोदामातली नोंद बघा.

खोकं १२ किलोचं. पॅलेटच्या (माल रचायच्या सपाट तळाच्या) खालच्या थरात, म्हणजे हात जमिनीपासून १५ सेंटिमीटरवर. पॅलेटच्या कडेमुळे पाय पुढे जात नव्हते, म्हणून घोट्यापासून हाताचं अंतर ५० सेंटिमीटर. तिथून उचलून ९० सेंटिमीटर वर, सरकत्या पट्ट्यावर ठेवायचं. उचलताना अंग ४५ अंश वळलेलं. मिनिटाला एक खोकं, पूर्ण पाळी. खोक्याला मूठ नाही, पण खालून बोटं घालता येतात.

अंतराचा गुणक ०.५. एकट्या त्याने २३ चे साडेअकरा केले. खालच्या उंचीचा ०.८२, वर न्यायच्या अंतराचा ०.८७, वळण्याचा ०.८६, वारंवारतेचा ०.७५, पकडीचा ०.९५. सगळ्यांचा गुणाकार केल्यावर शिफारस उरते ५ किलो. प्रत्यक्षातलं वजन त्याच्या २.४ पट.

त्याच खोक्यांचं पॅलेट उचलणीच्या टेबलावर ठेवून हात ७५ सेंटिमीटरवर आणला, खोकं अंगाजवळ घेता येईल अशी जागा केली, पट्टा समोर आणला. शिफारस झाली १६.७ किलो. खोकं तेच, माणूसही तोच. वजन कमी करण्याच्या आधी अंतर कमी करा असं आम्ही सांगतो ते याच गणितामुळे.

६. कुठे २३, कुठे २५, कुठे ५५. खरा आकडा कोणता?

प्रत्येकाने वेगळ्या लोकांसाठी वेगळी रेघ मारली आहे. आयएसओ ११२२८ च्या पहिल्या भागाच्या २०२१ च्या आवृत्तीत २० ते ४५ वयाच्या पुरुषांसाठी संदर्भवजन २५ किलो आणि बायकांसाठी २० किलो आहे. त्याहून लहान किंवा मोठ्या वयाला अनुक्रमे २० आणि १५. ब्रिटनच्या मार्गदर्शिकेत अंगाजवळ, मुठीच्या उंचीवर, पुरुषांना २५ आणि बायकांना १६ किलो. ५५ किलो हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीतला आकडा, आणि तो लोक उलटा वाचतात. पुरुष कामगारासाठी परवानगी त्याहून जास्त असेल तर ती शक्य तितक्या लवकर खाली आणा, असं तिथे म्हटलं आहे. ५५ पर्यंत निर्धास्त उचला असा त्याचा अर्थ नाही.

७. मर्यादेच्या आत राहिलो तर इजा होणार नाही, हे खात्रीने सांगता येतं का?

नाही. एक मानक तर हे उघडपणे आकड्यांत सांगतं.

दगड फोडायच्या, घासायच्या यंत्रांच्या कंपाने बोटं पांढरी पडतात, थंडीत बधिर होतात. अ‍ॅलिस हॅमिल्टन या डॉक्टरीणबाईंनी १९१८ साली इंडियाना राज्यातल्या बेडफर्डच्या चुनखडीच्या खाणींत हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं वापरणाऱ्या कारागिरांचे असे हात तपासले. कंपाचं प्रमाण, किती वर्षं आणि किती जणांची बोटं पांढरी, यांचा मेळ बसवायला पुढची काही दशकं गेली. तो मेळ आयएसओ ५३४९ मध्ये आहे.

त्या सूत्रानुसार आठ तासांच्या दिवसाला सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतका कंप असेल, तर सुमारे १२ वर्षांनी गटातल्या १० टक्के लोकांची बोटं पांढरी पडलेली असतील. कंप दुप्पट, म्हणजे ५ असेल, तर सहा वर्षांच्या आतच. युरोपीय संघाने २००२ मध्ये २.५ ला 'उपाय सुरू करा' आणि ५ ला 'इथे थांबा' अशा पायऱ्या ठेवल्या. म्हणजे पहिल्या पायरीच्या जरा आत बारा वर्षं काम केलेल्या दहा जणांत साधारण एकाचा हात दुखावलेला असू शकतो, आणि तरी कुणी नियम मोडलेला नसतो.

८. सरासरी माणसाच्या मापाचं टेबल केलं तर बहुतेकांना बसेल ना?

कुणालाच नीट बसणार नाही. अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स यांनी ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली आणि १९५२ मध्ये निष्कर्ष मांडला. कॉकपिटसाठी महत्त्वाची दहा मापं घेतली आणि प्रत्येक मापात मधले ३० टक्के लोक 'सरासरी' धरले. दहाही मापांत सरासरी ठरलेला एकही वैमानिक निघाला नाही.

म्हणून मानकं टोकांकडून विचार करतात. दारातून सगळ्यात उंच माणूस जायला हवा, आणीबाणीच्या बटणापर्यंत सगळ्यात आखूड हाताचा माणूस पोचायला हवा. मधलं सगळं, शक्य असेल तिथे, खालीवर करता येणारं हवं. व्यवहारात बहुधा ५ व्या ते ९५ व्या पर्सेंटाइलपर्यंतची मापं धरतात. दोन्ही टोकांचे पाच-पाच टक्के बाहेरच राहतात. आणि ही मापं कोणत्या लोकांची, हेही बघायला हवं. एका देशातल्या तरुण सैनिकांवरून काढलेली मापं दुसऱ्या देशातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना लावली की टेबल खांद्याला येतं.

९. ९० अंशांत ताठ बसणं हेच योग्य ना? सगळ्या चित्रांत तसंच असतं.

चित्र काढायला सोपं पडतं म्हणून ते टिकलं असा माझा संशय आहे. काटकोनातल्या बैठकीची कल्पना एकोणिसाव्या शतकातली. १९५३ मध्ये जे. जे. कीगन यांनी एक्स-रे काढून दाखवलं की मांडी-धडाचा कोन ९० वर आणला की कमरेची नैसर्गिक कमान सपाट होते, आणि साधारण १३५ अंशांना ती बरीच टिकते. १९८० च्या दशकात एटिएन ग्रांजाँ यांनी कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांना हवं तसं बसू दिलं, तेव्हा लोक आपसूक मागे रेलले, १०० अंशांच्या पुढे.

मानकांमागचा पुरावा कसा बदलतो त्याचं एक उदाहरण इथेच आहे. १९६० च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसांच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. बसताना तो उभं राहण्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त निघाला आणि तो तक्ता पाठ्यपुस्तकांत गेला. १९९९ मध्ये हान्स-योआखिम विल्के यांनी सुधारित साधन एका स्वयंसेवकाच्या चकतीत बसवून मोजलं, तर टेका न घेता सैल बसल्यावरचा दाब उभं राहण्यापेक्षा किंचित कमीच. दुसरा अभ्यास एकाच माणसावरचा होता, तेव्हा त्यावरही फार उड्या मारू नका. बैठक बदलत राहा, इतकं यातून घेता येतं.

१०. मग उभं राहून काम करायचं टेबल घ्यावं का?

उभं-बसं दोन्ही करता येत असेल तर जरूर. दिवसभर उभं राहण्यासाठी नको. पाय, शिरा आणि कंबर त्याचीही किंमत घेतात. बसण्याच्या धोक्याचा मूळ अभ्यास मात्र सांगायला हवा. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या बसगाड्यांवरचे कर्मचारी तपासले. चालक दिवसभर बसलेले, वाहक दुमजली बसच्या जिन्यावरून खालीवर करणारे. हृदयविकार चालकांत जास्त. झालं, बसणं वाईट. पण १९५६ मध्ये त्याच गटाने गणवेशांच्या नोंदी उघडल्या. चालकांच्या पँटी नोकरीला लागतानाच कमरेत मोठ्या होत्या! म्हणजे काही फरक कामाच्या आधीचा. आपल्याच निष्कर्षाला असा चिमटा काढणारे संशोधक मला फार आवडतात. बसून राहण्याचा धोका पुढच्या अभ्यासांतूनही दिसला, पण कमी निश्चित आणि जास्त गुंतागुंतीचा.

उभं-बसं टेबलांबद्दल २०१८ च्या कॉक्रन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या) असं दिसलं की सुरुवातीच्या काळात कामावरचं बसणं दिवसाला दीड-पावणेदोन तासांनी कमी होतं. त्यापुढचा पुरावा पातळ आहे.

११. कंबरपट्टे वाटले, उचलण्याचं प्रशिक्षणही दिलं. आता तरी झालं ना?

वाईट वाटून घेऊ नका, पण या दोन्हींवर पैसे घालवून झाल्यावरच लोक मला बोलावतात.

पट्ट्यांवरचा सगळ्यात मोठा अभ्यास २००० साली आला. १६० नव्या किरकोळ दुकानांतले नऊ हजारांवर कर्मचारी त्यात होते. काही दुकानांत पट्टा सक्तीचा, काहींत ऐच्छिक. पाठदुखीत किंवा भरपाईच्या दाव्यांत फरक दिसला नाही. प्रशिक्षणाचं सांगायचं तर, सुमारे ४,००० टपाल कर्मचाऱ्यांवर पाच वर्षांहून जास्त चाललेली चाचणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. 'गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा' शिकवल्याने लोकांचं ज्ञान वाढलं, इजा कमी झाल्या नाहीत. कारण समजायला प्रश्न ५ मधलं पॅलेट आठवा. पाय पुढे न्यायला जागाच नसेल तर शिकवलेलं तंत्र वापरायचं कुठे?

१२. माझं काम हलकं आहे, वजन काहीच नाही. मग हात का दुखतात?

कारण हालचाल तीच तीच आहे. बार्बरा सिल्व्हरस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात कारखान्यांतल्या कामांचे चार गट पाडले: जोर कमी-जास्त, पुनरावृत्ती कमी-जास्त. एक आवर्तन ३० सेकंदांच्या आत संपत असेल, किंवा निम्म्याहून जास्त वेळ तीच हालचाल असेल, तर ती 'जास्त पुनरावृत्ती'. जोर आणि पुनरावृत्ती दोन्ही जास्त असलेल्या गटात मनगटातली नस दबण्याच्या विकाराची शक्यता, दोन्ही कमी असलेल्या गटाच्या तुलनेत, १५ पटींहून जास्त निघाली. ती ३० सेकंदांची खूण पुढे बऱ्याच तपासण्यांमध्ये घुसली.

दुसरं कारण स्नायूंचं. १९६० च्या सुमारास वॉल्टर रोमर्ट यांचं मत होतं की कमाल ताकदीच्या १५ टक्क्यांखालचा स्थिर ताण कितीही वेळ धरता येतो. १९७८ मध्ये बेंग्ट यॉन्सन यांनी पूर्ण दिवसाच्या कामासाठी ही हद्द २ टक्क्यांवर आणली आणि कोणत्याही परिस्थितीत ५ ओलांडू नका असं सांगितलं. २ टक्के म्हणजे माउसवर हात अधांतरी धरणं. ते कुणाला कष्ट वाटत नाही, आणि म्हणूनच संध्याकाळी मान दगड होते.

१३. रुला, रिबा यांचा स्कोअर किती विश्वासाचा?

या दोन काम करतानाच्या अंगाच्या ठेवणीला गुण देण्याच्या पद्धती. स्कोअर चाळणी म्हणून चांगला, निकाल म्हणून नाही. रुला १९९३ मध्ये लिन मॅकॅटम्नी आणि नायजेल कॉर्लेट यांनी दिली, हात-मान-खांद्याच्या कामासाठी. रिबा २००० ची, पूर्ण शरीरासाठी. दोन्हींत फोटोवरून कोन पाहून गुण देतात. रुलाचे ६ आणि ७ हे गुण 'एवढे एवढे टक्के धोका' असं काही सांगत नाहीत. आधी कुठे हात घालायचा ते सांगतात. शिवाय फोटो कोणत्या क्षणाचा, यावर स्कोअर फिरतो. मी एकाच कामाचे पाच क्षण घेतो आणि सगळ्यात वाईट क्षण व सगळ्यात जास्त वेळ चालणारा क्षण, दोन्ही लिहितो.

१४. एवढं संशोधन आहे, तर सगळीकडे कायदा का नाही?

अमेरिकेत झाला होता, काही आठवडेच टिकला. नायॉशने १९९७ मध्ये ६०० हून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. केंद्रीय नियम १४ नोव्हेंबर २००० ला जाहीर झाला, १६ जानेवारी २००१ ला लागू झाला. त्याच जानेवारीत राष्ट्रीय अकादमींच्या समितीचा अहवाल आला: कामाचा आणि या विकारांचा संबंध आहे, योग्य उपायांनी ते कमी करता येतात. मार्चमध्ये काँग्रेसने नियम रद्द केला आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांनी २० मार्चला सही केली. वाद मुख्यतः खर्चाचा आणि नियमाच्या पसाऱ्याचा होता.

उलट उदाहरणही त्याच देशातलं. कॅलिफोर्नियाच्या शेतांत जेमतेम फूट-दोन फूट दांड्याचं खुरपं वापरायला लावत. दिवसभर कमरेत वाकून. डॉक्टरांनी मोडलेल्या पाठींबद्दल साक्षी दिल्या. लांब दांड्याने पिकाचं नुकसान होईल असं मालकांचं म्हणणं. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मजुरांच्या बाजूने कौल दिला आणि ते खुरपं बंद झालं. तिथे हजारो लोकांवरची चाचणी नव्हती. मोजके डॉक्टर होते आणि एक हत्यार होतं, जे न्यायाधीशांना डोळ्यांनी बघता येत होतं. सहाशे अभ्यासांपेक्षा ते भारी पडलं.

१५. एक अभ्यास म्हणतो धोका आहे, दुसरा म्हणतो नाही. विश्वास कुणावर ठेवायचा?

आधी बघा, मोजलं कुणाला. आज कामावर असलेल्यांनाच तपासलं तर धोका कमी दिसतो, कारण ज्यांचा खांदा गेला ते नोकरी सोडून गेलेले असतात. मग बघा, मोजलं काय: दुखणं, डॉक्टरांचं निदान, रजा की भरपाईचा दावा? हे चार वेगळे आकडे आहेत. दावा करायला त्रासाबरोबर धाडसही लागतं. एका विमान-कारखान्यातल्या तीन हजारांवर कामगारांच्या १९९१ च्या अभ्यासात पाठीच्या तक्रारी कोण नोंदवणार याचा अंदाज शारीरिक मोजमापांपेक्षा कामाबद्दलच्या नाराजीवरून जास्त चांगला लागला. काही जणांनी त्यावरून 'सगळं मनाचं आहे' असं काढलं. त्याला आधार नाही. शारीरिक ताण आणि वरिष्ठांचा जाच एकाच पाठीवर बसतात. अभ्यासाला पैसे कुणी दिले हेही वाचा, पण फक्त त्यावरून तो फेकून देऊ नका.

१६. ही सूत्रं कुठे लावायचीच नाहीत?

प्रश्न ५ मधलं सूत्र एका हाताने उचलणं, बसून किंवा गुडघ्यावर उचलणं, ढकलणं-ओढणं, घसरडी जमीन यांसाठी नाही. ढकलण्या-ओढण्याला आयएसओ ११२२८ चा दुसरा भाग आहे, हलक्या पण वारंवार होणाऱ्या कामाला तिसरा.

रुग्ण उचलणं हा मोठा अपवाद. रुग्ण खोक्यासारखा स्थिर नसतो. मध्येच पाय सोडतो, गळ्याला मिठी मारतो. वॉटर्स यांनी २००७ मध्ये सर्वांत अनुकूल परिस्थितीतही सुमारे १६ किलोची मर्यादा सुचवली. मोठ्या माणसाचं बहुतेक काम त्याच्या बाहेर जातं, म्हणून उत्तर यंत्राचं आहे.

गरोदर कामगारांसाठीही वेगळ्या तात्पुरत्या मर्यादा आहेत. क्वचित उचलण्याला, अनुकूल स्थितीत, पहिल्या अर्ध्यात सुमारे १६ किलो आणि नंतर सुमारे १२. पोट पुढे येतं तसं वजन शरीरापासून लांब जातं. तोच अंतराचा गुणक.

१७. एक्सोस्केलेटन (अंगावर घालायचा आधाराचा सांगाडा) घेतला तर मर्यादा वाढवता येईल का?

नाही. पाठीच्या काही साधनांनी स्नायूंचं काम कमी होतं असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण वर्षानुवर्षं घालून इजा कमी होतात का, याचा पुरेसा पुरावा अजून नाही. ते घातलं म्हणून खोकं जड करणं म्हणजे कंबरपट्ट्याचीच चूक (प्रश्न ११) जास्त महाग करून करणं.

१८. मोजमाप झालं, सगळं मर्यादेत निघालं, तरी दुखतंच. आता काय?

मानक गटासाठी असतं, तुम्ही एक आहात (प्रश्न ७). तेव्हा 'मर्यादेत आहे' हे तुमच्या दुखण्याला उत्तर होऊ शकत नाही. रात्री बोटं बधिर होऊन जाग येत असेल, वस्तू हातातून सुटत असतील, दुखणं पायात उतरत असेल तर आधी डॉक्टर गाठा.

मग अहवाल मागून घ्या आणि त्यात काय घातलं ते वाचा. तारीख कोणती? त्या दिवशी किती माल होता? ओव्हरटाइम धरला का? तुमची दोन-तीन वेगवेगळी कामं एकत्र मोजली की सुटी सुटी? मोजताना उभा होता तो माणूस तुमच्या उंचीचा होता का? एका आठवड्याची नोंद ठेवा: किती वाजता, कोणती हालचाल, कुठे दुखलं. मला आलेल्या अशा अहवालांपैकी बऱ्याच अहवालांत मोजणी महिन्याच्या मधल्या, निवांत मंगळवारी झालेली असते. मोजणाऱ्याला महिनाअखेरच्या दिवशी, दुसऱ्या पाळीच्या शेवटच्या तासाला पुन्हा बोलवा.